समजा, घोड्याची किंमत क्ष

मराठी शाळेत बीजगणित शिकलेल्या कोणालाही शाब्दिक उदाहरणाच्या उत्तरातला पहिला शब्द विसरता येणार नाही. समजा, वडिलांचे आजचे वय क्ष वर्षे आहे. समजा, टोपलीत क्ष आंबे आहेत. समजा, आगगाडीचा वेग ताशी क्ष किलोमीटर आहे. या 'समजा'चे मराठीत दोन अर्थ होतात. गृहीत धरा, हा एक. आणि उमजून घ्या, हा दुसरा. शाळेत आम्हाला पहिला अर्थ तेवढा ठाऊक होता. क्ष धरायचा, वाक्यांतले आकडे ओळीने उचलायचे, बरोबरीच्या चिन्हाच्या दोन अंगांना दोन राशी मांडायच्या आणि क्ष एकटा उरेपर्यंत पक्षांतर करीत राहायचे. उदाहरणात एक गोष्ट सांगितलेली असते आणि ती आधी समजून घ्यावी लागते, या दुसऱ्या अर्थाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. ते वेधून घेतले जुन्या बीजगणिताच्या ग्रंथांनी.

या लेखात आम्हाला म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. गोष्ट जे उघडपणे सांगते ते समीकरणात उतरते. पण प्रत्येक गोष्ट काही तरी न सांगता गृहीत धरत असते: माणसे अर्धी नसतात, वानरे ऋण नसतात, पोटाला मर्यादा असते. हे न सांगितलेले समीकरणात येत नाही. ते मांडायचे तर अमुक राशी तमुकाहून लहान नाही किंवा मोठी नाही, असे म्हणावे लागते. म्हणजे असमता मांडावी लागते. समीकरणाला नाव, रीत आणि चिन्ह लवकर मिळाले. असमता मात्र शतकानुशतके सोडवणाऱ्याच्या शहाणपणावर सोडून दिलेली होती.

प्रारंभ भास्कराचार्यांच्या घोड्यांपासून करू. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. 'बीजगणिता'त एका अव्यक्ताच्या समीकरणाचे उदाहरण आहे ते असे. एका माणसाजवळ ३०० रूपे रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तेवढ्याच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रूपांचे ऋण आहे. दोघांची मत्ता सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत किती?

आज आपण घोड्याची किंमत क्ष मानू आणि ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० असे लिहू. ४क्ष बरोबर ४००, म्हणून क्ष बरोबर १००. दोघांकडे ९००-९०० रूपांची मत्ता आहे. भास्कराचार्यांच्या मांडणीत क्ष नाही आणि बरोबरीचे चिन्हही नाही. अव्यक्ताला 'यावत्तावत्' म्हणजे 'जितके तितके' असे नाव आहे आणि त्याचे आद्याक्षर 'या' लिहिले जाते. वरच्या ओळीत 'या ६ रू ३००' आणि तिच्या खाली 'या १० रू १००'. शेवटच्या १०० वर एक टिंब असते. ते ऋणाचे चिन्ह. एकाखाली एक लिहिलेल्या या दोन ओळी म्हणजे दोन पक्ष. आपल्या शाळेतले 'पक्षांतर' त्याच परंपरेतून आलेले आहे. अव्यक्ते एकाहून अधिक असली तर पुढची नावे रंगांची: कालक, नीलक, पीतक, लोहितक. ज्याचे मोल अजून कळलेले नाही त्याला रंगाचे नाव देऊन हाताशी धरायचे, ही कल्पना आम्हाला आजही मोहक वाटते.

ही रीत भास्कराचार्यांनी नव्याने काढलेली नव्हती. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नेमका हाच नियम एका आर्येत बसवला होता. दोघांजवळ काही अज्ञात मोलाच्या वस्तू आणि काही नाणी असून मत्ता सारखी असेल, तर नाण्यांच्या अंतराला वस्तूंच्या अंतराने भागावे. घोड्यांच्या उदाहरणात नाण्यांचे अंतर ४०० (तीनशे रोख आणि शंभर ऋण यांच्यातले), घोड्यांचे अंतर ४, भागाकार १००. आर्यभट अज्ञात वस्तूला 'गुलिका' म्हणजे गोळी म्हणतो. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम दिले आणि ऋणाचा हिशेब निर्धास्तपणे करता येऊ लागला.

अव्यक्ताला नाव न देताही अशी उदाहरणे सुटतात. 'लीलावती'त कमळांच्या राशीचे उदाहरण आहे. राशीचा तिसरा हिस्सा शिवाला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली सहा कमळे गुरुचरणी ठेवली. तर एकूण कमळे किती? येथे 'इष्टकर्म' वापरायचे. सोयीची कोणतीही संख्या धरा, समजा ६०. त्यातून २०, १२, १० आणि १५ गेली की ३ उरतात. उरायला हवी होती ६, म्हणजे दुप्पट. तेव्हा साठीचीही दुप्पट करा: १२० कमळे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये नकललेल्या इजिप्तमधल्या ऱ्हाइंड पपायरसातही 'राशी'ची उदाहरणे याच युक्तीने सोडवलेली आहेत. इष्टकर्मात आपण एक खोटी संख्या धरतो आणि तिला दुरुस्त करतो. बीजगणितात आपण संख्याच धरीत नाही. नाव धरतो आणि ते नाव जणू ज्ञातच आहे अशा विश्वासाने गोष्टीतून फिरवतो. दोन्हीकडे आरंभ 'समजा'नेच होतो, पण दुसऱ्या 'समजा'ला अधिक धैर्य लागते. बीजगणित म्हणजे काही अक्षरे नव्हेत, बुद्धी हेच खरे बीज, अशा आशयाचे भास्कराचार्यांचे मत प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ आम्हाला त्यांच्या वानरांनी शिकवला.

'बीजगणिता'त वर्गसमीकरणांची दोन वानर-उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग एवढी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. समीकरण मांडले की दोन उत्तरे निघतात: ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२. सोळाचा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही ताळे जमतात आणि भास्कराचार्य दोन्ही उत्तरे मान्य करतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाचा पाचवा हिस्सा घेऊन त्यातून तीन वजा केले आणि उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली; एक तेवढे झाडावर चढलेले दिसते. येथेही दोन उत्तरे येतात: ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि झाडावरचे एक. ठीक. आता पाच घ्या. पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले, राहिले उणे २. त्याचा वर्ग ४, अधिक एक, पाच. समीकरणात ताळा चोख जमतो. तरी भास्कराचार्य हे उत्तर नाकारतात. त्यांचे कारण असे की ते येथे जुळत नाही. व्यक्त राशी ऋण असणे लोकांच्या प्रतीतीला येत नाही.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. नाकारलेले उत्तर स्वतः ऋण नाही; पाच ही सरळ धनसंख्या आहे. ऋण झाली ती वाटेतली एक राशी, आणि वर्ग करताच तिचे ऋणत्व पुसले गेले. शेवटचा आकडा तेवढा पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. ते दिसायचे असेल तर उत्तर हाती घेऊन पुन्हा गोष्टीत शिरावे लागते आणि वानरे मोजावी लागतात. आजच्या भाषेत सांगायचे तर या उदाहरणात एक असमता दडलेली होती: कळपाचा पाचवा हिस्सा तिनाहून लहान असता कामा नये, म्हणजे वानरे निदान पंधरा तरी हवीत. उदाहरणाच्या शब्दांत ही अट कोठेच नाही. ती वानरांच्या वानरपणात आहे. भास्कराचार्यांनी तिला चिन्ह दिले नाही, वेगळी ओळही दिली नाही. 'लोकांची प्रतीती' हेच तिचे नाव ठेवले.

मग घोडेवाल्याचे ऋण कसे चालले? सोळाव्या शतकाच्या अखेरीस वा सतराव्याच्या आरंभी 'बीजगणिता'वर टीका लिहिणाऱ्या कृष्ण दैवज्ञाने या प्रश्नाची चांगली उकल केली आहे. हा मूळच्या विदर्भातल्या घराण्यातला, पुढे जहांगीराच्या दरबारी मान मिळवलेला विद्वान. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, असे तो सांगतो, आणि ते देशाचे, काळाचे वा वस्तूचे असू शकते. पूर्वेकडे जाण्याच्या उलट पश्चिमेकडे जाणे. येणे असण्याच्या उलट देणे असणे. म्हणून ऋण उत्तर आले की ते चूक असे सरसकट म्हणता येत नाही. ज्या वस्तूबद्दल आपण बोलतो आहोत तिला उलट बाजू आहे काय, हे विचारावे लागते. पैशाला ती आहे, दिशेला आहे, वानराला नाही. ऋण राशी घ्यावी की टाकावी याचा निवाडा समीकरण करीत नाही. तो गोष्ट करते.

'बीजगणिता'तल्या आणखी एका उदाहरणात न सांगितलेल्या अटींवाचून उत्तराला टोकच सापडत नाही. तीन द्रम्मांना पाच कबुतरे मिळतात, पाचांना सात सारस, सातांना नऊ हंस आणि नऊ द्रम्मांना तीन मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणायचे आहेत. येथे अव्यक्ते चार आणि समीकरणे दोनच: एक पक्ष्यांचे, एक द्रम्मांचे. इष्ट संख्या बदलली की उत्तर बदलते, आणि अपूर्णांक वा ऋण चालवून घेतले तर उत्तरांना अंतच नाही. आम्ही हे वहीत मांडून पाहिले. पक्षी भावाप्रमाणे पुऱ्या गटांनीच घ्यायचे आणि प्रत्येक जातीचा निदान एक गट आणायचा, एवढ्या दोन अटी घातल्या. दोन समीकरणांची वजाबाकी केली की कबुतरे, सारस आणि हंस यांच्या गटांची बेरीज मोरांच्या गटांच्या तिप्पट येते. पुढे अटी लावत गेले की मोरांचे गट चार किंवा पाचच असू शकतात. चार असताना चार उत्तरे, पाच असताना दोन. अनंतातून नेमकी सहा उरली. त्यांतले एक येथे देतो: ५ कबुतरे, ५६ सारस, २७ हंस आणि १२ मोर, द्रम्म ३, ४०, २१ आणि ३६. उरलेली पाच वाचकांनी शोधावीत. समीकरणांनी फक्त वाट दाखवली. मुक्कामाला पोचवले ते 'एकाहून कमी नाही' या साध्या अटीने.

हे घोडे आणि मोर कल्पनेतले असले तरी त्यांच्या भोवतालचा बाजार खरा होता. चाळीसगावजवळ पाटणे येथील देवळात शके ११२८ च्या सुमारासचा, म्हणजे इ. स. १२०६-०७ चा, एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणि' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापला आणि त्या मठाला दिलेल्या दानांची नोंद या लेखात आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे, पण शेवटी, जेथे प्रत्यक्ष देण्याघेण्याचा तपशील येतो तेथे, भाषा मराठी होते. पाटणच्या पेठेतल्या मालावरचा हक्क, गिऱ्हाइकांकडून घ्यायच्या सुपाऱ्या, प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल. बीजगणित शिकवणारा मठ घाण्याच्या तेलावर चालणार होता आणि तो हिशेब मराठीत लिहिलेला होता. शाब्दिक उदाहरणातल्या 'गोष्टी'ला आपण पाठ्यपुस्तकी क्लृप्ती समजतो; त्या मठातल्या विद्यार्थ्यांना ती दाराबाहेर ऐकू येत असणार.

आता युरोपकडे वळू, कारण आपण आज जी चिन्हे वापरतो ती तिकडची आहेत. अव्यक्तासाठी आणि ज्ञातासाठीही अक्षरे वापरण्याची पद्धतशीर रीत फ्रान्स्वा व्हिएतने १५९१ मध्ये मांडली. बरोबरीच्या दोन समांतर रेघा रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५७ च्या पुस्तकात प्रथम छापल्या गेल्या. 'याहून लहान' आणि 'याहून मोठे' यांची चिन्हे मात्र टॉमस हॅरियटच्या मृत्यूनंतर, १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आली. समतेला चिन्ह मिळाल्यानंतर असमतेला ते मिळायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. शाळेतही हाच क्रम दिसतो. समीकरणे आधी आणि भरपूर; असमता मागून, आणि पुष्कळदा घाईने.

एकोणिसाव्या शतकात समीकरण आणि असमता यांचे नाते जाणणारा एक माणूस हिंदुस्थानातच होता. दिल्ली कॉलेजात शिकवणारे रामचंद्र (१८२१–१८८०) यांनी १८५० मध्ये महत्तम आणि लघुतम राशींची उदाहरणे केवळ बीजगणिताने सोडवणारा इंग्रजी ग्रंथ कलकत्त्यात स्वखर्चाने छापला. ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या पुढाकाराने १८५९ मध्ये तो लंडनहून पुन्हा निघाला. भारतीयांची बीजगणिताची जुनी आवड पुन्हा जागवावी, हा रामचंद्रांचा हेतू होता. त्यांच्या रीतीचा गाभा सोप्या उदाहरणाने सांगता येतो. दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार मोठ्यात मोठा व्हावा. एक भाग क्ष, दुसरा १० − क्ष, आणि गुणाकाराला र म्हणा. क्ष काढू गेले की वर्गमुळाखाली २५ − र येते. क्ष ही खरी संख्या असायची तर मुळाखालची राशी ऋण असता कामा नये. म्हणून र पंचविसाच्या वर जाऊ शकत नाही आणि दोन्ही भाग पाच-पाच. येथे समीकरण सोडवण्यासाठी मांडलेलेच नाही. ते कोठवर सुटू शकते हे विचारण्यासाठी मांडले आहे. भास्कराचार्यांनी 'प्रतीती' म्हणून ज्या ठिकाणी बोट ठेवले होते, जवळपास त्याच ठिकाणी सातशे वर्षांनी रामचंद्रांनी एक रीत उभी केली.

असमतेला मानाची जागा मिळाली ती विसाव्या शतकात, आणि तीही जेवणाच्या ताटावरून. माणसाला लागणारी सगळी पोषणद्रव्ये निदान ठरल्याइतकी मिळावीत आणि खर्च कमीत कमी व्हावा, असा आहार कोणता? १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने ७७ पदार्थ आणि ९ पोषणघटक घेऊन या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने काढले. १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. १९४७ मध्ये जॉर्ज डांट्झिगने अशा असमतांची अख्खी मालिका सोडवण्याची रीत शोधली, आणि तिची पहिली मोठी कसोटी म्हणून हाच प्रश्न घेतला गेला. नऊ कारकुनांनी सुमारे १२० माणूस-दिवस खपून उत्तर आणले: ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अंदाज चोवीस सेंटांनी चुकला होता.

गमतीची आणि आमच्या मुद्द्याची गोष्ट त्यानंतरची. पुढे काही वर्षांनी डांट्झिगला स्वतःचे वजन उतरवायचे होते, म्हणून त्याने स्वतःसाठी असाच आहार संगणकाकडून काढून घेतला. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून पदार्थांचे पाण्याखेरीजचे वजन जास्तीत जास्त असावे, अशी कसोटी लावली होती. उत्तरात इतर पदार्थांबरोबर ५०० गॅलन व्हिनेगर आले. तक्त्यात व्हिनेगरमध्ये पाणी नाही असे धरलेले होते. व्हिनेगर काढून टाकले, तेव्हा सूप करण्याच्या खारट वड्या आल्या, दिवसाला दोनशे. माणूस एवढे मीठ पचवू शकत नाही, हे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. मग त्या वड्यांवर वरची मर्यादा घालावी लागली. घातलेल्या सर्व अटी पाळल्या गेल्या होत्या आणि हिशेबात एकही चूक नव्हती. भास्कराचार्यांची उणे दोन वानरे येथे व्हिनेगरच्या पिंपांत बसून परत आली होती.

मुलांच्या बाबतीत हे रोज घडते. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर चौथाईहूनही कमी मुलांनी दिले. पुष्कळांनी 'एकतीस, बाकी बारा' असे लिहिले. बाकी बारा म्हणजे रस्त्यावर उभे राहिलेले बारा सैनिक, हे त्यांच्या मनात आले नाही. या प्रश्नात समीकरण नव्हतेच; 'बसमधल्या जागा सैनिकांहून कमी नकोत' ही असमता होती. आम्ही त्या मुलांना हसणार नाही. त्यांना एक 'समजा' शिकवला गेला होता, दुसरा नाही; आणि आमचीही शाळेत तीच गत होती.

आपल्याकडे उत्तर तपासण्याला 'ताळा पाहणे' म्हणतात. शाळेत ताळा म्हणजे निघालेली किंमत समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात की नाही हे पाहणे. जुन्या ग्रंथाने आम्हाला शिकवले ते असे की ताळे दोन असतात. पहिला समीकरणात, दुसरा गोष्टीत. आजकाल पहिला ताळा यंत्र क्षणात करून देते; समीकरण मांडूनही देते. दुसऱ्या ताळ्यासाठी मात्र बस किती माणसांची असते, पोट केवढे असते आणि झाडावरचे वानर सोडून गुहेत किती गेली, हे ठाऊक असणारे कोणी तरी लागते. पाच या उत्तरावर काट मारताना भास्कराचार्यांनी आकडेमोड पुन्हा केली नसावी. त्यांनी गुहेत डोकावून पाहिले असावे.